‘चोरी नाही, वापरले होते’ : स्वतःला चांगलं समजणारी माणसं पैशाला हात कशी लावतात?

रोजकीर्द

सहकारी पतसंस्थांची तपासणी हा माझा व्यवसाय. या कामात एक गोष्ट इतक्या वेळा समोर आली की त्यावर इथे सविस्तर लिहावंसं वाटलं. संस्थेच्या पैशाला हात लावणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःला चोर समजत नाही. आपण सरळमार्गी आहोत याची त्याला खात्री असते. ती खात्री जपत जपतच तो एकेक पाऊल पुढे टाकत जातो.

एका गावातल्या संस्थेचं उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. तिथल्या पिग्मी एजंटच्या भरण्याबद्दल शंका आली. पिग्मी एजंट म्हणजे काय हे शहरातल्या मंडळींना कदाचित माहीत नसेल. तो रोज बाजारपेठेत फिरतो. चहाची टपरी, कटलरीचं दुकान, भाजीवाल्या अशा लोकांकडून पन्नास, शंभर, दोनशे रुपये घेतो, त्यांच्या पासबुकात लिहून देतो आणि संस्थेत भरणा करतो. कमिशनवर काम. ही पद्धत सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली आणि पुढे आपल्याकडच्या पतसंस्थांनी ती गावोगाव नेली.

खातेदारांची पासबुकं मागवून खतावणीशी, म्हणजे संस्थेच्या खातेवहीशी, ताडून पाहिली. भाजीवालीच्या पासबुकात सोमवारचे शंभर रुपये होते, ते खतावणीला गुरुवारी आले होते. दुकानदाराचे मंगळवारचे शुक्रवारी. आजच्या वसुलीतून परवाचा भरणा, असं चक्र कित्येक महिने चाललं होतं. मधली तफावत लाखाच्या पुढे गेली होती.

त्याला समोर बसवून विचारल्यावर त्याने काही लपवलं नाही. खिशातून एक लहान वही काढून माझ्यापुढे ठेवली. कोणत्या तारखेला किती ‘वापरले’ आणि त्यातले किती ‘परत टाकले’ हे त्यात पैशापैशाने लिहिलेलं होतं. मुलीच्या नर्सिंगच्या फीपासून सुरुवात झाली होती. त्या वहीतली बेरीज आमच्या बेरजेशी तंतोतंत जुळली. तो म्हणाला, “मॅडम, चोरी करणारा हिशोब ठेवतो का?”

त्या वहीवर मी पुष्कळ विचार केला. ती त्याने पकडलं गेल्यावर दाखवायला ठेवलेली नव्हती. ती त्याची स्वतःसाठी होती. वही भरलेली आहे तोवर ती उसनवारी आहे आणि आपण प्रामाणिक आहोत, हे त्याला रोज रात्री स्वतःला दाखवता येत होतं. वही नसती तर कदाचित पहिल्या आठवड्यातच त्याचा हात थांबला असता.

डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने अफरातफरीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या लोकांच्या तुरुंगात जाऊन मुलाखती घेतल्या होत्या. त्याचं संशोधन १९५३ मध्ये प्रसिद्ध झालं. विश्वासातल्या माणसाचा हात पैशाकडे केव्हा जातो, याच्या तीन गोष्टी त्याला सापडल्या. पैशाची अशी अडचण, जी कोणाला सांगता येत नाही. आपल्या हातातल्या कामातून ती गुपचूप सुटू शकेल ही जाणीव. आणि आपण प्रामाणिकच आहोत असं मानू देणारे मनातले शब्द: ‘उसने घेतोय’, ‘पुढच्या महिन्यात टाकतो’. क्रेसीचं म्हणणं असं की हे शब्द कृत्यानंतर सुचत नाहीत. ते आधी तयार होतात आणि मग हात पुढे जातो.

आता याच कथेतला दुसरा माणूस. हे प्रकरण संचालक मंडळापुढे आलं तेव्हा सगळ्यात मोठा आवाज एका ज्येष्ठ संचालकांचा होता. “गोरगरिबांच्या घामाचा पैसा खाल्ला, आजच्या आज पोलिसात द्या.” त्यांचा संताप खोटा नव्हता, डोळ्यांत पाणी होतं. त्याच तपासणीत त्यांच्या भावाच्या नावावरचं एक मोठं कर्ज निघालं. दर मार्चएंडला नवं कर्ज मंजूर करायचं, त्यातून जुनं फेडलेलं दाखवायचं, असं सलग नवं-जुनं करून ते थकबाकीच्या यादीबाहेर ठेवलं होतं. रक्कम एजंटच्या कितीतरी पट. त्याबद्दल विचारलं तर ते मनापासून चकित झाले. “ती काय अफरातफर आहे? संस्था आम्हीच उभी केली. कागदोपत्री सगळं नियमित आहे.”

मला इथे विचारायचंय ते हे. बरं-वाईट काय, हे दोघांनाही कळत होतं. दोघांनाही आपण चांगले आहोत असं वाटत होतं. दुसऱ्याचा न्याय करताना तर त्या संचालकांची नीती अगदी लखलखीत होती. मग ती स्वतःच्या दारात येऊन का थांबली? मला तर वाटतं, दुसऱ्याला चोर म्हणून झाल्यावर त्यांचा स्वतःवरचा विश्वास आणखी पक्का झाला. तुमच्या कामात, गावात, घरात हे कसं दिसतं ते लिहा.

---

घाटमाथा

धागा आवडला. वहीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी, असं आपण म्हणतो. पण मनाला समजवायला एक वही पुरते.

---

दूधगंगा

आमच्याकडचं सांगते. माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्यात, घरोघरी जनावरं आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. आमच्या शेजारचे एक काका माळकरी, एकादशी कधी चुकवली नाही. दुधात तांब्याभर पाणी ओतणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. चार लोकांत बोलायचे, “पाणी घालणाऱ्याची जनावरं टिकत नाहीत.” स्वतः त्यांनी कधी दुधात पाणी घातलं नाही, हे मी शपथेवर सांगेन.

पण धार काढून झाली, दूध किटलीत ओतलं की चरवी विसळायची आणि ते विसळलेलं पाणी किटलीतच ओतायचं. त्यात दूधच असतं, टाकून कशाला द्यायचं? हे सगळ्यांना पटण्यासारखंच होतं. आधी ओंजळभर पाण्यानं विसळायचे. मग चरवी दोनदा विसळायला लागले. उन्हाळ्यात जनावर आटलं की विसळणं वाढायचं.

डेअरीत फॅटबरोबर एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, दाखवणारं मशीन आलं. पाणी मिसळलं की तो उतरतो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागतो, त्याच्या खाली गेलं की दर कापतात. काकांचा एसएनएफ खाली यायला लागला. ते डेअरीत जाऊन भांडले. मशीन खराब आहे म्हणाले, सेक्रेटरीने दावा धरला म्हणाले. ते नाटक नव्हतं. आपल्या दुधात पाणी असेल हे त्यांच्या मनात येतच नव्हतं, कारण ‘पाणी घालणारा’ म्हणजे तांब्या घेऊन उभा असलेला दुसरा कोणीतरी माणूस होता.

---

वाचनमात्र

रोजकीर्द ताई, दूधगंगा, तुम्ही दोघींनी जे लिहिलंय त्यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. मी महाविद्यालयात हा विषय शिकवते, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

आधी समज अशी होती की नैतिक विचार करण्याची क्षमता वाढली की वागणंही सुधारतं. लॉरेन्स कोलबर्गने मुलांना पेचाच्या गोष्टी सांगून त्यांच्या उत्तरांवरून नैतिक विचाराच्या पायऱ्या मांडल्या. बायकोचा जीव वाचवायला नवऱ्याने औषध चोरावं का, हा त्यातला प्रसिद्ध पेच. पण विचार कसा करतो आणि प्रत्यक्ष वागतो कसा, यांचा संबंध कितपत? ऑगस्टो ब्लासीने १९८० मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. संबंध आहे, पण अपेक्षेपेक्षा बराच सैल आहे, असं दिसलं. मग त्याने मांडलं की निर्णय आणि कृती यांच्यामध्ये ‘मी कोण आहे’ हे उभं असतं. प्रामाणिकपणा हा माझ्या असण्याचा गाभा असेल, तर अप्रामाणिक वागणं म्हणजे स्वतःशीच फारकत, आणि ती सहन होत नाही.

हे ऐकायला फार छान आहे आणि त्यात तथ्यही आहे. अडचण अशी की स्वतःशी फारकत न घेता गैर वागण्याच्या वाटा माणसाला सापडतात. डॅनियल बॅट्सन आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. एका व्यक्तीला सांगितलं, दोन कामं आहेत. एकात सोडतीची तिकिटं मिळतात, दुसरं कंटाळवाणं आहे. एक तुम्ही घ्या, दुसरं पलीकडच्या खोलीतल्या माणसाला जाईल, वाटणी तुम्ही करा. हवं तर हे नाणं उडवून ठरवा. नाणं उडवणं न्याय्य आहे, हे जवळजवळ सगळ्यांना मान्य होतं. निम्म्यांच्या आसपास लोकांनी ते एकटे असताना उडवलंही. निकाल निम्मे-निम्मे यायला हवा होता. प्रत्यक्षात नाणं उडवणाऱ्या दहापैकी सुमारे नऊजणांनी चांगलं काम स्वतःकडेच घेतलं. आणि नाणं न उडवता सरळ चांगलं काम घेणाऱ्यांपेक्षा, हे लोक आपल्या वागण्याला जास्त नैतिक समजत होते!

तुमच्या एजंटची वही, संचालकांचे नियमित कागद आणि काकांची चरवी यांना मी या नाण्याच्या रांगेत बसवेन. न्यायाची रीत पाळल्याचं समाधान हवं, तिचा निकाल मात्र आपल्या बाजूने हवा. बॅट्सनने १९९९ मध्ये हाच प्रयोग समोर आरसा ठेवून केला, तेव्हा नाणं उडवणाऱ्यांची वाटणी निम्म्यावर आली. त्यात माणसं फार थोडी होती, त्यामुळे घरोघरी आरसे लावा असं कृपया कोणी सुचवू नका.

अशीच सावधगिरी एकूणच हवी. ‘फॉर्मवर सही शेवटी न घेता सुरुवातीला घेतली की लोक खरं लिहितात’ असा एक निबंध २०१२ मध्ये फार गाजला. पुढे त्यातल्या मोटार विम्याच्या प्रयोगाचे आकडे बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरच्या संशोधनात हे घडावं याचं मला आजही वाईट वाटतं, कारण आम्ही शिक्षकांनी तो मुलांना विश्वासाने शिकवला होता.

---

नेवासेकर

वेगळं मत मांडतो, राग नसावा. हे स्वतःची प्रतिमा वगैरे सुशिक्षितांचं कौतुक आहे. माणूस सरळ राहतो तो भीतीने. आमच्या तालुक्यातलं शनिशिंगणापूर बघा. घरांना चौकटी आहेत, कवाडं नाहीत. चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही ही श्रद्धा. युको बँकेनं २०११ मध्ये तिथे कुलूप नसलेली शाखा काढली, ती उगाच नाही. तिथे कोणी नाणी उडवत नाही की वह्या ठेवत नाही.

---

रोजकीर्द

नेवासेकर दादा, राग कसला? महत्त्वाचा मुद्दा आहे. पण शिंगणापुरातसुद्धा २०१० मध्ये एका भाविकाच्या गाडीतून रोकड आणि ऐवज गेल्याची तक्रार झाली होती. म्हणजे भीती सगळ्यांना सारखी पुरत नाही. आणि तिथल्या माणसांशी बोललात तर ‘आमच्या गावात चोरी होत नाही’ हे ते भीतीने सांगतात की अभिमानाने? मला तो अभिमान ऐकू येतो. ‘आम्ही असे आहोत’ हे एका अख्ख्या गावाचं स्वतःबद्दलचं चित्र आहे. कवाड न लावणं हा ते चित्र रोज सगळ्यांदेखत जपण्याचा भाग. श्रद्धा आणि प्रतिमा तिथे एकमेकींत मिसळल्या आहेत, वेगळ्या करता येतील असं वाटत नाही.

भीतीबद्दल माझा अनुभव एवढाच की तपासणीची भीती माणसाला हुशार करते. कागद अधिक नीटनेटके होतात.

---

विनायक_बर्लिनहून

नेवासेकरांच्या मुद्द्यावरून पाकिटांचा अभ्यास आठवला. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. ४० देश, ३५५ शहरं, १७ हजारांहून जास्त पाकिटं, भारतसुद्धा त्यात होता. संशोधकांचे लोक बँक, हॉटेल, पोस्ट, पोलीस ठाणं अशा ठिकाणच्या काउंटरवर पाकीट द्यायचे, “रस्त्यात सापडलं, तुम्ही बघा” म्हणून निघून जायचे. पाकीट पारदर्शक, आत किल्ली, किराणा मालाची यादी आणि मालकाचा ईमेल. काहींत पैसे, काहींत नाहीत. पैसे असले की पाकीट परत यायचं प्रमाण कमी होईल असंच कोणालाही वाटेल. झालं उलटं. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी ४० टक्क्यांच्या मालकांना निरोप आला, पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांच्या. तीन देशांत सुमारे सातपट रक्कम ठेवून पाहिलं, तिथे ते प्रमाण ७२ टक्क्यांवर गेलं. संशोधकांचं स्पष्टीकरण असं: रक्कम वाढली की पाकीट ठेवून घेणं हे स्वतःच्याच नजरेत चोरी वाटायला लागतं. नुसतं किल्लीचं पाकीट ड्रॉवरमध्ये पडून राहिलं तर आपण फार तर आळशी ठरतो.

म्हणजे रोजकीर्द, तुमच्या एजंटने एकदम लाखभर रुपये कधीच उचलले नसते. ते शंभर-दोनशेने गेले म्हणूनच जाऊ शकले.

आणखी एक. त्या अभ्यासात स्वित्झर्लंड, नॉर्वे, नेदरलँड्स वर होते आणि इथल्या आपल्या मंडळींच्या गप्पांत ‘युरोपातली माणसंच प्रामाणिक’ हे पालुपद सुरू झालं. मला ते पटत नाही. चीन त्या यादीत तळाला होता, पण मोजमाप होतं मालकाला ईमेल आला का याचं. नंतर चिनी संशोधकांनी तिथे तोच प्रयोग करून पाहिला, तर ईमेल न करताही पुष्कळ जणांनी पाकीट मालक येईपर्यंत जपून ठेवलं होतं. इथे शेताच्या कडेला ‘फुलं स्वतः कापा, पैसे पेटीत टाका’ अशी जागा असते, त्याचं आपल्याला कौतुक वाटतं. पण भावाची पाटी ठळक असते, पेटी जमिनीत घट्ट रोवलेली असते आणि चाकूसुद्धा तिथेच ठेवलेला असतो. नीट वागणं सोपं करून ठेवलंय.

---

बाजारपेठ_७

सगळं वाचलं. तुमच्या चर्चेत एक माणूस हरवलाय, तो एजंट. माझे वडील पिग्मी गोळा करायचे. ऊन-पाऊस काही असो, रोज बाजार फिरायचा. पगार नाही, फंड नाही, रजा नाही, नुसतं कमिशन. खातेदार चुकला तरी बोलणी एजंटला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या बाबतीत हे ठेव गोळा करणारे कामगारच आहेत असं म्हटलं, पण गावच्या पतसंस्थेत किती एजंटांपर्यंत त्याचा फायदा पोचला? संचालकाला कर्ज हवं तर त्याच टेबलावर मंजूर होतं. एजंटला मुलीच्या फीसाठी चाळीस हजार हवे असतील तर त्याला जामीनदार मिळत नाही. मग तो वही करतो. मनाच्या प्रतिमेवर बोलायला हरकत नाही, पण ही विषमता आधी मांडा.

---

रोजकीर्द

बाजारपेठ, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि ते धाग्यात आलं याचं समाधान आहे. क्रेसीच्या तीन गोष्टींत पहिली काय होती? ‘कोणाला सांगता येत नाही अशी अडचण’. आपण सगळे तिसऱ्या गोष्टीवर, मनातल्या शब्दांवर बोलत राहिलो. पण अडचण सांगता आली असती तर त्या शब्दांची गरजच पडली नसती. ज्या माणसाच्या हातात रोज गावाचा पैसा आहे, त्याला स्वतःची गरज उघडपणे सांगायला संस्थेत एकही जागा नव्हती. सांगितली असती तर ‘याला पैशाची नड आहे, याच्यावर लक्ष ठेवा’ असंच झालं असतं. आपण प्रामाणिक आहोत ही प्रतिमा जपायची तर त्याला गप्पच बसावं लागत होतं.

म्हणून माझ्या अहवालात मी दोन्ही बाजूंनी शिफारशी केल्या. प्रत्येक वसुलीचा खातेदाराला लगेच एसएमएस, म्हणजे ‘गुरुवारी टाकतो’ म्हणायला जागाच उरत नाही. विनायक म्हणतात तसं, शंभराची नोटसुद्धा त्याच दिवशी स्पष्ट दिसायला हवी. आणि दुसरीकडे एजंटांसाठी कमिशनच्या तारणावर उचल.

संचालकांच्या भावाच्या कर्जाचाही अहवालात स्वतंत्र परिच्छेद केला. त्या बैठकीत वातावरण फार तापलं.

---

घाटमाथा

एजंटचं पुढे काय झालं? पोलिसात दिलं का?

---

रोजकीर्द

रक्कम त्याने नातेवाइकांकडून उभी करून भरली. ठेवीदारांचा एक रुपया बुडाला नाही. काम मात्र गेलं. तक्रार करायची की नाही यावर मंडळात दोन तट पडले. मी लेखापरीक्षक म्हणून अफरातफरीची नोंद अहवालात केली. ती माझी कायदेशीर जबाबदारी आहे आणि वहीतला हिशोब बरोबर होता म्हणून तिला दुसरं नाव देता येत नाही. मला त्या माणसाबद्दल वाईट वाटलं. तरीही ज्या भाजीवालीने शंभर रुपये दिले, तिला त्या वहीबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

---

वाचनमात्र

शेवटच्या वाक्याला +१. प्रतिमेच्या हिशोबात समोरचा माणूस कुठेच नसतो, हे तुम्ही नेमकं पकडलंत.

---

दूधगंगा

माझ्या भावाच्या डेअरीने एक केलं, ते सांगते. कोणाला काही बोलले नाहीत. फक्त पाटी लावली : ‘चरवी विसळलेलं पाणी जनावराला पाजा’. कोणाचं नाव नाही, कोणावर आरोप नाही. काका ती पाटी वाचून चार दिवस अबोल होते. पुढच्या दहा दिवसांच्या बिलात त्यांचा एसएनएफ ठीक आला होता. त्यावर कोणी काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

---

बाजारपेठ_७

ताई, ती उचल कशी ठेवली? आमच्या इथल्या संस्थेच्या सभेत विषय मांडायचाय.

---

रोजकीर्द

थोडक्यात सांगते, मसुदा तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवते. मागच्या सहा महिन्यांच्या सरासरी कमिशनच्या दुप्पट रकमेपर्यंत उचल, जामीनदाराची अट नाही, फेड दरमहा कमिशनमधून. अर्ज व्यवस्थापकाकडे, निर्णय तीन दिवसांत, कारण लिहायची सक्ती नाही. उचल घेतली म्हणून त्या एजंटची जादा पडताळणी करायची नाही, हे कलम ठरावात शब्दशः घाला. पासबुक पडताळणी दर तीन महिन्यांनी सगळ्याच एजंटांची होते, आणि त्याच बैठकीत संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांच्या कर्जांची यादीही पटलावर ठेवायची. शेवटच्या कलमाला विरोध होईल. ते मागे घेऊ नका.